बाई घरी आल्या तेव्हा

इस्त्रीवाल्याची मुलगी घरी बोलायला लागली की तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. म्हणून आईबापांनी तिचं नाव टकळी ठेवलं होतं. शाळेत मात्र दोन वर्षांत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

शाळेतून तीनदा चिठ्ठी आली, ‘पालकांनी भेटावं.’ बायको दवाखान्यात दिवसपाळीला, त्यामुळे जायचं त्यालाच होतं. पण चौथीत नापास होऊन शाळा सोडलेल्या त्या माणसाची पावलं शाळेचं फाटक दिसलं की अजूनही मागे वळायची. उद्या जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणता म्हणता जाणं राहून गेलं.

एका शनिवारी दुपारी वर्गाच्या बाईच दारात उभ्या राहिल्या. त्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. आता काय ऐकावं लागतंय, या धास्तीनं त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलले, पुन्हा तिथेच ठेवले, पुन्हा उचलले.

बाईंनी विचारलं, “जिन्यात ऐकलं मी. कुणीतरी तुम्हाला रागावत होतं, चादर नीट धरा म्हणून. कोण हो?”

“आमची टकळी. दुसरं कोण?”

बाई खुर्चीत बसल्या. “आज पहिल्यांदा ऐकला मी तिचा आवाज. आम्हाला वाटलं, तिला बोलताच येत नाही. तिला मुक्या मुलांच्या शाळेत घालायचं चाललं होतं.”

टकळी केव्हाच दोरीवरच्या चादरीआड गेली होती. बाईंनी तिला हाक मारली नाही. “मला शर्टाला इस्त्री करायला शिकवा,” त्या त्याला म्हणाल्या, आणि कॉलरला अशा काही सुरकुत्या पाडल्या की त्याला हसू आवरेना.

चादरीआडून बारीक आवाज आला, “आधी आतल्या बाजूनं करायची.”

बाईंनी मान वर केली नाही. “अशी?”

“हं.”

त्यानंतर बाई दर शनिवारी येत राहिल्या, कमी साखरेचा चहा घेऊ लागल्या. टकळी आधी चादरीबाहेर आली, मग त्यांना वाचून दाखवू लागली. वर्गात तोंड उघडायला मात्र आणखी पाच महिने लागले. एके दिवशी ती शेजारच्या मुलीला हळूच म्हणाली, “सरक ना.” हे सांगायला बाई धापा टाकत जिना चढून आल्या. इस्त्रीवाल्यानं हात जोडले.

पुढच्या पालकसभेला तो आपणहून गेला. फाटकापाशी एकदा मागे वळला, तरी आत गेला आणि पहिल्या बाकावर बसला.

आता टकळी नववीत आहे. परवा खालच्या मजल्यावरचा सुतार घाबराघुबरा होऊन वर आला. “अहो, टकळीच्या त्या बाई आता माझ्या पोरासाठी घरी येणार म्हणतात! काय केलं असेल हो त्यानं?”

“काही नाही केलं,” इस्त्रीवाला म्हणाला. “खुर्ची पुसून ठेव. चहात साखर कमी घाल. आणि मुख्य म्हणजे, त्या येतील तेव्हा घरी थांब.”