जाड मुठीचे आकडे

बस दुरुस्तीच्या त्या कारखान्यात पाने, हातोडे, जॅक मालक देतो. आकडे आणि टोचे देत नाही. बारीक पोलादी दांडा, पुढचं टोक कधी सरळ, कधी वाकवलेलं, मागे मूठ. खाचेत रुतलेली रबरी रिंग उचलायची, आतली स्प्रिंग ओढून काढायची, तर हेच हत्यार लागतं. पण ते कामगाराने स्वतःचं आणायचं, असा रिवाज. कोणी पाडला हे कोणालाच ठाऊक नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, "पहिल्यापासून असंच आहे." पहिल्यापासून पुष्कळ गोष्टी असतात. लबाडीसुद्धा पहिल्यापासूनच आहे.

मग जो तो आपापले आकडे घडवतो. मोडक्या छत्रीची काडी घ्यायची, नाहीतर सायकलचा स्पोक. टोक दगडावर घासायचं, मागे चिंधी गुंडाळायची. आकडा एकदा हाताला बसला की तो उसना मागायचा नाही आणि द्यायचाही नाही. डब्यातली भाजी वाटून खातील, आकडा देणार नाहीत.

काकूंचं बेंच खिडकीखाली. नवरा त्याच कारखान्यात होता, तो गेल्यावर त्या आल्या. आधी झाडू, मग धुलाई, मग हवेच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडायचा, झिजलेल्या रिंगा काढायच्या, त्याची बॉडी धुवायची, नव्या रिंगा बसवायच्या. बॉडी ॲल्युमिनियमची, म्हणजे मऊ. पोलादी टोक जरा घसरलं की ओरखडा. ओरखड्यातून हवा सुटते, आणि हवा सुटली की ब्रेक सुटतो. म्हणून हे काम कोणालाही देत नाहीत. काकूंना दिलं ते त्यांनी भांडून घेतलं. "माझ्या हातून आजवर एकाही बॉडीवर ओरखडा पडलेला नाही," हे त्या इतक्या वेळा ऐकवायच्या, की शेजारच्या बेंचवरचा क्लचवाला त्यांच्या आधीच वाक्य पुरं करायचा.

मग काकू पडल्या. कारखान्याच्या फाटकाची पायरी उखडलेली होती, त्यावरून. उजव्या हाताचा अंगठा मोडला. पायरी फाटकाच्या बाहेरच्या अंगाला येते, म्हणून अपघात कामावरचा नाही, असा निकाल ऑफिसने दिला. पायरी आतल्या अंगाला असती तर काकूच फाटकाबाहेर होत्या म्हणाले असते. प्लास्टर निघालं, पण अंगठा ताठ तो ताठच. पहिल्या बोटाला टेकेना. छत्रीच्या काडीचे सगळे आकडे त्या मुठीतून गळून पडायला लागले.

फोरमनने बोलावून सांगितलं, "काकू, सोमवारी तुम्हाला एक व्हॉल्व्ह देतो. नीट उघडलात तर बेंच तुमचं. नाहीतर परत धुलाईला जा. उगाच माझ्याशी वाद नको."

"वाद मी घालत नाही. मी बरोबर असते," काकू म्हणाल्या.

रविवारी त्या सुनेला घेऊन हत्यारांच्या गल्लीत गेल्या. मुलगा पिशव्या उचलायला बरा, पण दुकानदार पहिली किंमत सांगेल ती मान्य करतो, म्हणून सून. काकूंनी पिशवीतून एक डबी काढली आणि उजव्या तळव्याला चांगलं चोळून ग्रीस लावलं.

दुकानदार काउंटरवरून वाकला. "मावशी, हे काय?"

"ग्रीस."

"अहो, माझा माल खराब होईल."

"तुझा माल गॅरेजात वापरायचाय की देव्हाऱ्यात ठेवायचाय? कोरड्या हाताला सगळ्याच मुठी गोड लागतात."

त्याने पहिला संच काढला तो लाल डबीतला, चकचकीत, गोल गुळगुळीत मुठींचा. काकूंनी एक उचलला आणि दुसऱ्या हाताने टोक धरून ओढला. मूठ साबणाच्या वडीसारखी सटकली. त्यांनी तो तसाच परत ठेवला. दुकानदाराने तो फडक्याने पुसला.

दुसऱ्या संचाच्या मुठी रबरी, जाड, पकडायला छान. काकूंनी टोक काउंटरच्या कडेला अडकवून मूठ पिळली. मूठ फिरली, दांडा जागच्या जागी.

"मूठ एकीकडे, टोक दुसरीकडे," सून म्हणाली. "आमच्या घरातल्यासारखं."

"घराचं घरी गं," काकू म्हणाल्या. "रे बाबा, दांडा मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेला दाखव. नुसता चिकटवलेला नको."

तिसरा संच काळपट, चार नगांचा. सरळ, काटकोनात वाकलेला, अर्ध्या चंद्रासारखा आणि दोनदा वळवलेला. मुठी तिकोनी. काकूंचा अंगठा वळत नव्हता, पण तिकोनाच्या सपाट बाजूवर नुसता टेकला तरी मूठ हलेना. त्यांनी ओढून पाहिली, पिळून पाहिली. मग टोक डाव्या नखावरून फिरवलं. पांढरी रेघ उमटली.

"फार टोकदार आहे."

"मावशी, टोचा टोचणार नाही तर काय करेल?"

"रबराला टोचू दे. धातूला कळताही कामा नये. मला रिंग काढायचीय, कोणाचा डोळा नाही."

"मग ग्राइंडरवर धरा जरा."

"म्हणजे टोक तापून निळं पडेल, पोलादाचं पाणी जाईल, आणि पहिल्याच स्प्रिंगला सरळ होईल. मी दगडावर घासेन, तू सल्ला आवर." त्यांनी काचेखाली बोट दाखवलं. "तो पिवळा काय आहे?"

तो पितळी आकडा होता, एकटाच, धूळ खात पडलेला. "तो नका घेऊ. जोर लावला की वाकतो. कोणी नेत नाही."

"वाकतो म्हणूनच दे. आकडा आणि बॉडी यांच्यातल्या कोणीतरी वाकायचंच असेल, तर आकड्याने वाकावं."

सुनेने भाव केला. तो कसा केला हे इथे सांगत नाही, दुकानदारालाही घरदार आहे.

सोमवारी काकू आल्या तेव्हा पोलादी टोकं घासून गोल केलेली होती, आणि पितळीच्या बुडाला सुनेने सायकलच्या जुन्या हँडलची रबरी नळी चढवली होती. फोरमनने व्हॉल्व्ह ठेवला. चढावरच्या गाडीचा होता, शाळेची फेरी करणाऱ्या. फोरमनच्या हातात टॉर्च होता. त्या खोलीत आजवर कोणाच्या कामावर टॉर्च पडलेला नव्हता. माणूस मोडका असला की तपासणीची हौस येते.

काकूंनी झाकण उघडलं. स्प्रिंगसाठी पोलादी आकडा, रिंगांसाठी पितळी. अंगठा टेकलेलाच राहिला, सगळा जोर मनगटाचा. वेळ लागला. एकदा आकडा निसटून बेंचवर पडला, तेव्हा क्लचवाल्याने मान वळवली, काकूंनी नाही. शेवटची रिंग बाहेर आली. त्यांनी बॉडी रॉकेलमध्ये धुतली, पुसली आणि फोरमनपुढे सरकवली.

फोरमनने खाचेत टॉर्च मारला. मग बॉडी फिरवून पुन्हा मारला. "हे बघा."

खाचेच्या तळाशी केसासारखी रेघ होती.

"काकू, मला वाईट वाटतंय."

"वाईट नंतर वाटू द्या. रंग बघा आधी. आत्ताचा ओरखडा असता तर चमकला असता. हा काळा आहे, धुऊनही काळाच. आणि माझा आकडा पितळी. त्याने एवढं खोल जातच नाही."

फोरमनने डोळा जवळ नेला. "जुना दिसतोय खरा. मग कोणाचा?"

त्या कारखान्यात व्हॉल्व्ह बांधून झाला की प्रत्येक जण बुडाशी पंच मारतो. ज्याची त्याची खूण वेगळी. क्लचवाला उठून आला होता. त्याने बॉडीला हात घालायच्या आत काकूंनी ती उचलली, उलटी केली आणि पाहिली. बराच वेळ पाहिली. बुडाशी एकच खूण होती, दोन जोडठिपके.

"माझा," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांची फुशारकी होती, ती अशी टेबलावर आली.

"म्हणजे हात धड होता तेव्हाही..." फोरमनने सुरुवात केली.

"धड होता तेव्हाच. छत्रीच्या काडीने पडलाय, पोलाद आहे ते. तेव्हा हा टॉर्च कुठे होता? ही गाडी हा ओरखडा घेऊन पोरांना चढावरून वरखाली करत होती." काकूंनी बॉडी भंगाराच्या पेटीत टाकली. "मोडक्या हाताने आज ओरखडा पडला का, तेवढं सांगा."

"नाही."

"मग दुसरा व्हॉल्व्ह आणा. आणि टॉर्च मारायचाच असेल तर सगळ्या बेंचांवर मारा. मी काय एकटीच छत्री मोडून बसले होते?"

दुसरा व्हॉल्व्ह आला. तो स्वच्छ निघाला. खिडकीखालचं बेंच काकूंकडेच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून फोरमन प्रत्येक बॉडीत टॉर्च मारत फिरू लागला. भंगाराची पेटी भरली, काम तुंबलं, सगळ्यांना जादा वेळ थांबावं लागलं. ऑफिसने पितळी आकडे द्यावेत असा अर्ज कामगारांनी संघटनेकडून केला. तो अजून पडून आहे. तोवर खोलीत शिव्या काकूंच्या नावाने. क्लचवाला सगळ्यांत पुढे.

"मला कशाला रे देतोस?" काकू म्हणाल्या. "टॉर्च फोरमनच्या हातात आहे. त्याला दे."

"त्याला देता येत नाहीत म्हणून तर तुला देतोय," क्लचवाला म्हणाला.

काकूंनी विचार केला. "मग हळू दे," त्या म्हणाल्या, "रिंग बसवतेय."