केळ्याच्या घरातली बिअर

आमचं घर सावद्याला, आणि घराच्या खालीच केळी पिकवायच्या खोल्या. हिरवे घड आत जातात, पिवळे होऊन क्रेटमधून बाहेर पडतात. मी धुळ्याची. लग्न होऊन आले तेव्हा त्या गोड वासाने माझं डोकं भणभणायचं. "कसला गं वास?" म्हणून सासूबाई माझ्याकडेच बघत राहायच्या. घरात कुणाला तो कधी आलाच नव्हता.

धाकटे दीर मात्र केळी सोडून धुळ्याकडच्या एका छोट्या बिअर कारखान्यात लागले. आबा, म्हणजे माझे सासरे, एवढंच म्हणाले, "जा. पण हात हलवत परत आलास तर क्रेट उचलायला लाजू नको." ते बोलणं दिरांना फार लागलं होतं. पुढे मालकाने त्यांना स्वतःच्या डोक्याने एक बिअर करायला दिली. तुमची खात्री झाली की फोन करा, बाटल्या भरायला घेतो, म्हणाला. खात्री करायला दीर नमुना घेऊन थेट घरी आले.

दुपारी आबा बाजारात गेल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. मी त्याच सकाळी माहेरी राहून परतले होते, त्यामुळे खालचा वास पुन्हा नाकात भरत होता. ग्लासात फिकी सोनेरी बिअर, वर पातळसा फेस.

"ब्लाँड एल म्हणतात हिला," दीर म्हणाले. "हलकी, स्वच्छ. मागे तोंडात काही रेंगाळायला नको."

आमच्या ह्यांनी एका दमात अर्धा ग्लास संपवला. "एक नंबर!"

मी बेताचाच घोट घेतला. आधी गारवा, मग धान्याची जराशी गोडी, आणि मागून... अगं बाई!

"भाऊ, यात केळं आहे."

हे खो खो हसले. "धुळ्याची हवा लागलीय हिच्या नाकाला!"

दिरांचा चेहरा खर्रकन उतरला. ग्लास नाकाशी धरून ते हुंगत राहिले. "मला येत नाही, वहिनी. जन्म या वासात गेला, अजिबात येत नाही." मग त्यांनीच सांगितलं, टाकी थोडी गरम राहिली की यीस्ट केळ्यासारखा वास सोडतं. काही बिअरींना तो शोभतो, हिला नाही. "तुम्हाला नक्की येतोय?"

आता आली का पंचाईत! खालच्या खोल्यांचाच वास असला तर? माझ्या एका शब्दावर सगळी टाकी वाया जायची. हे अजून हसतच होते. राग आला की माझी धुळ्याची बोली बाहेर पडते. "मी काय येडी शे का?" म्हणत मी दुसरा घोट घेतला. होतंच केळं.

"नक्की," मी म्हटलं.

दिरांनी तसा फोन केला. मालकाने स्वतः चव घेतली आणि टाकी ओतून दिली. "अजून एकदा करा," म्हणाला. "पुन्हा असं झालं तर मात्र दुसरीकडे काम बघा."

त्यानंतर माझ्या जिवाला घोर लागला. पोळ्या लाटतानाही तेच डोक्यात. आबा जेवताना दिरांचं नाव काढायचे, तेव्हा मी भाजी आणायच्या निमित्ताने उठून आत जायचे. त्यात लग्नसराई, केळ्याला मागणी, घरात माणसांचा राबता. माहेरी जायचं नावच नको.

शेवटी दीर दुसरा नमुना घेऊन आले. पुन्हा गच्ची, पुन्हा तीन ग्लास. ह्यांनी या वेळी ग्लासला हातही लावला नाही, माझ्याकडेच बघत बसले. मी घोट घेतला. गारवा, धान्याची गोडी, आणि मागून काहीच नाही. पुन्हा घेतला. काही नाही!

"स्वच्छ आहे, भाऊ! एकदम स्वच्छ!"

दिरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "करू फोन?"

"करा की!" मी म्हटलं खरं, पण मनात कुठेतरी टोचलं. उठले आणि तडक जिना उतरून खाली गेले. पिकलेल्या घडांच्या खोलीचं दार ओढलं. छतापर्यंत पिवळी धमक केळी. डोळे मिटून मी छातीभर श्वास घेतला.

गार हवा आत गेली. बाकी काही नाही.

वरून दिरांचा आवाज आला, "हॅलो, साहेब..."

"भाऊ!" मी जिन्याकडे धावत ओरडले. "फोन ठेवा! आधी मला धुळ्याला नेऊन सोडा!"