आरशाला टांगलेली किल्ली

"काकाजी, तुमची कार उघडी राहिली आहे. किल्लीसुद्धा आतच आहे."

तायडे काकाजींशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. अकोल्याहून बदली होऊन आम्ही अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या या कॉलनीत आलो, त्या सकाळची गोष्ट. ट्रकमधून आमचं सामान उतरत होतं आणि माझं सगळं लक्ष समोरच्या घरापुढच्या पांढऱ्या, जुन्या कारकडे लागलं होतं. चारही काचा खाली, दार नुसतं लोटलेलं आणि आतल्या आरशाला लाल दोरीनं टांगलेली किल्ली. कार माझी नव्हती, तरी सामान सोडून मी आधी रस्ता ओलांडला.

"राहिली नाही बाबू, ठेवली," काकाजी म्हणाले. "तुमी तुमचं कपाट पाहा. पाय मोडून राहिला त्याचा."

कपाटाचा पाय खरोखरच मोडला.

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. घराला कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून पाहतो, जिना उतरतो आणि चौथ्यांदा पाहायला परत वर जातो. गॅस, नळ, इस्त्री, स्कूटरचं हँडल, सगळ्यांची माझ्याकडे अशीच हजेरी असते. बायको म्हणते, याला दारावरच नोकरी द्यायला हवी होती. अशा माणसाच्या खिडकीसमोर देवानं बारा महिने उघडी राहणारी कार आणून उभी केली होती.

काकाजी रेल्वेतून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट नेहमी इस्त्रीचा. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायचे, बाकीचे सहा दिवस दारापुढच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसायचे. काकू आत शिवणयंत्रावर. मुलगी नागपूरला नोकरीत. घरात दोनच माणसं, पण ती कार मात्र सगळ्या गल्लीची होती. कुरिअरवाला बंद घराचं पार्सल त्या कारमध्ये ठेवून जायचा. बायका आपापल्या पोरांची वाट पाहत तिच्यात सावलीला बसायच्या. कोणाला स्टेशनवर जायचं असलं की तो काकाजींना फक्त हात दाखवायचा, किल्ली आरशावरून काढायचा आणि निघायचा. परत आल्यावर किल्ली पुन्हा आरशाला. गल्लीतला नियम तेवढा एकच होता.

"अहो, पण एखाद्यानं नेली म्हणजे?" मी महिन्यातून एकदा तरी विचारायचो.

"कोण नेईन?"

"कोणीही."

"त मंग कोणाचं तरी काम अडलं असंन," असं म्हणून ते पेपर उलटायचे.

चोरी झालीच नाही असं नाही. एकदा कारमधला टेप गेला. मी घाबराघुबरा होऊन सांगायला गेलो, तर काकाजी म्हणाले, "बरं झालं. काकू सोडून कोणी ऐकतच नव्हतं त्याले." हसावं की रागवावं, मला कळेना. माणसाला काहीतरी भीती नको का?

त्यावर त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी ते एकेरी रुळाच्या लाइनवरच्या छोट्या स्टेशनात कामाला होते. तिथे गाडी सोडायची तर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा द्यावा लागे. टोकनच ते. पुढच्या स्टेशनात तो गोळा यंत्रात पडेपर्यंत त्या रुळावर दुसरी गाडी सुटत नसे. एकदा एक ड्रायव्हर तो गोळा कोटाच्या खिशात घालून तसाच घरी जेवायला गेला. "दोन घंटे लाइन ठप्प!" काकाजी सांगत. "दुसरी गाडी उभी, तिचा ड्रायव्हर उभा, सिग्नल बरोबर, सगळं बरोबर. फक्त गोळा त्याच्या खिशात. बाबू, किल्ली बी तशीच असते. सगळ्यायले दिसंन अशी पायजे. कोणाच्या खिशात गेली का काम बंद." ही गोष्ट मी चार-पाच वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी ते स्वतःचाच खिसा थोपटून दाखवायचे.

माझी आई आमच्याकडेच असते. ती मूळची अंजनगाव सुर्जीची, तिच्या माहेरी पानमळे होते. आल्यापासून पंधरा दिवसांतच ती गल्लीत माझ्यापेक्षा जास्त रुळली. काकाजी बाजारात गेले की तिच्यासाठी विड्याची पानं आणत. आई ती उन्हाकडे धरून बघायची आणि म्हणायची, "भाऊ, पानं आणता की पालापाचोळा? हे काय पान हाय?" काकाजी म्हणत, "माई, पुढच्या खेपेले अंजनगावाहूनच आणतो." रोज संध्याकाळी दोघं फाटकाशी उभे राहून गल्लीची खबरबात घेत. मी ऑफिसातून आलो की आई आधी त्यांना निरोप द्यायची, मग माझ्याकडे बघायची.

मागच्या वर्षी थंडीत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप फिरली. दोन माणसं एकेका कारचं दार ओढून बघत चालली होती. कुठल्या गावची, कधीची, काही पत्ता नाही. मी ती सात-आठ वेळा पाहिली. काकाजींना दाखवली. ते म्हणाले, "थंडी वाजून राहिली असंन त्यायले." माझी झोप मात्र उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऑफिसच्या कामानं अकोल्याला जायचं होतं. साहेबांची जीप चौकात येऊन थांबली होती. मी बॅग घेऊन निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी दोन अनोळखी माणसं मोटरसायकल थांबवून इकडेतिकडे बघत होती. पत्ता शोधत असतील. पण मला तसं वाटलं नाही. मी कारपाशी गेलो, भराभर चारही काचा वर केल्या, किल्ली काढली आणि दार लॉक केलं. काकाजींचं फाटक वाजवलं. ते फिरायला गेले होते, आत काकूंच्या यंत्राचा आवाज चालू होता, ऐकू जाईना. तिकडे जीपचा हॉर्न वाजला. किल्ली घेऊन मी धावलो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रुमाल काढायला खिशात हात घातला आणि लाल दोरी बोटात आली.

फोन करायला हवा होता. एक मिनिटाचं काम. पण काकाजी हसतील, 'गोळा खिशात' म्हणून ती गोष्ट आता माझ्या नावानं गल्लीत फिरेल, असं मनात आलं. संध्याकाळी परत जातोच आहे, एका दिवसात कोणाला काय लागणार? कुलूप चारदा तपासणाऱ्या माणसानं त्या दिवशी एवढासा विचार केला आणि मीटिंगमध्ये बसताना फोन मुका करून ठेवला.

अकराच्या सुमाराला आई स्वयंपाकघराच्या दारात कोसळली. बायको शाळेत शिकवत होती. भांड्याचा आवाज ऐकून काकू धावल्या, त्यांच्या मागे नुकतेच बाहेरून परतलेले काकाजी, मग गल्लीतले दोघे-चौघे. तोंड वाकडं झालेलं बघून काकाजींनी अर्धांगाचा झटका ओळखला. सगळ्यांनी तिला उचललं आणि सवयीनं कारपाशी आणलं. कार बंद. आरशाला किल्ली नाही. काच फोडली असती, पण किल्लीशिवाय कार हलणार कशी? दुसरी किल्ली कधीच हरवलेली. नोकरीवाले आपापल्या गाड्या घेऊन गेलेले, रुग्णवाहिका यायला वेळ लागणार होता. आईला रस्त्यावर चादरीवर ठेवून माणसं चौकात रिक्षा शोधायला धावली. रिक्षा मिळून ती दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. काकाजींनी मला पाच फोन केले होते.

मी पोचलो तेव्हा काकाजी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मांडीवर पिशवी, तिच्यात आईच्या चपला. डॉक्टर सांगून गेले होते की जीव वाचला, उजवा हात येईल असं वाटत नाही, थोडं आधी आणायला हवं होतं. मी काकाजींपुढे उभा राहिलो आणि खिशातून किल्ली काढली.

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झटकन ती घेऊन मूठ मिटली.

"कोणाले सांगितलं?"

"नाही."

"मंग सांगू नको. मी म्हणलं लोकायले, मीच लॉक लावलं अन् किल्ली कुठं ठेवली आठवून नाही राहिली. म्हातारा झालो."

"काकाजी, असं कसं?"

"आता तिले घास कोण भरवीन? तूच ना? माईचा तुह्यावरचा भरोसा गेला त ती कोणाच्या हातानं जेवणार नाही. माह्यावरचा गेला त काय बिघडते?"

खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली.

पण बिघडायचं ते बिघडलंच. आई घरी आली, हळूहळू बोलायलाही लागली, पण काकाजींशी नाही. "बारा महिने उघडी ठेवते अन् माह्याच दिवशी कुलूप लावलं त्यानं," असं म्हणून ती डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावायची. काकाजी रोज पानं घेऊन येत. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पानं टेबलावर सुकत. "येतो माई," म्हणून ते जात, आणि मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला जायचो. रोज ठरवायचो, आज आत जाऊन सांगून टाकतो. मग वाटायचं, आत्ता कुठे ती दोन घास जास्त जेवली आहे. उद्या सांगू.

गल्लीनंही कारचा नाद सोडला. आता म्हातारा विसरतो, त्याच्या भरवशावर कोण राहील, असं लोक म्हणत. कुरिअरवाला पार्सल घेऊन परत जाऊ लागला. काकाजी मात्र सकाळी कार पुसायचे, काचा खाली करायचे आणि किल्ली आरशाला टांगून खुर्चीवर बसायचे. त्या रिकाम्या कारकडे मला खिडकीतून बघवत नसे. मी पडदा लावून घेतला होता.

उन्हाळ्यात काकाजी गेले. दुपारी जेवून खुर्चीवर बसले, ते उठलेच नाहीत.

मी आईला सांगायला गेलो. ती डाव्या हाताचा आधार घेत उठून बसली. मग म्हणाली, "चांगला माणूस होता. त्या दिवशी कुलूप लावलं नसतं त."

"आई, कुलूप मी लावलं होतं."

मी सगळं सांगितलं. किल्ली, जीप, मूर्तिजापूर, न केलेला फोन, बाकावरची मिटलेली मूठ. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती टेबलावरच्या पानांकडे बघत होती. आदल्या दिवशीचीच होती ती, अजून पुरती सुकली नव्हती.

"मी त्यायले पाठ दाखोली रे," ती म्हणाली. "रोज येत होते. रोज पाठ दाखोली. आता कोणाशी बोलू मी?"

त्या दिवशी ती माझ्या हातून जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बायकोकडून तिनं निरोप पाठवला, गल्लीसमोर सांगितल्याशिवाय मी तिच्यापुढे ताट आणायचं नाही.

काकाजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गल्लीत मांडव होता. वंदना झाली, भन्ते बोलले, मग ओळखीच्यांनी दोन-दोन शब्द सांगितले. सगळे कारबद्दलच बोलत होते आणि त्या एका दिवसाशी येऊन अडखळत होते. आई खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होती. मी उभा राहिलो. कार मी बंद केली होती, काकाजींनी एकदाही केली नाही, एवढंच सांगता आलं. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला.

माणसं पांगल्यावर काकू आमच्याकडे आल्या. हातात लाल दोरीची किल्ली.

"हे घ्या. त्यायनं सांगून ठेवलं होतं, कार संजूबाबूले द्याची."

"मला? काकू, मीच तर..."

"मले ठाऊक होतं सगळं. मी बी तेच म्हणलं, काहून त्याले? त म्हणे, त्याले लय भेव वाटते. दिवसातून चारदा पायीन तो."

कार आता आमच्या फाटकापुढे उभी असते. काचा खाली, किल्ली आरशाला. पहिले दोन महिने तिला कोणी हात लावला नाही. ऑफिसात बसल्या बसल्या मला ती दिसायची आणि घाम फुटायचा. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटतही नाही. परवा सकाळी मागच्या सीटवर कोणाची तरी मेथीची जुडी आणि एक छत्री दिसली. कोणाची ते मी विचारलं नाही. आईला येऊन सांगितलं. आई आता माझ्या हातून जेवते, पण जेवायच्या आधी रोज एक प्रश्न विचारते.

"संजू, लॉक नाही ना लावलं?"

"नाही, आई."

"एकदा पाहून ये."

ताट झाकून ठेवून मी फाटकाबाहेर जातो. दार ओढून पाहतो. उघडतं.