भिंतीवरचा तळवा

इथे आखातात, तुबली भागातल्या वर्कशॉपमधला आमचा एसीवाला खोली बघायला भर दुपारीच येतो. मोजायची टेप नंतर काढतो. आधी पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकवून, ती किती तापलीय ते अजमावत डोळे मिटतो. आई राहायला आली, तेव्हा तिच्या खोलीसाठी मी दोन टनाचा एसी मागितला.

"मोठा कशाला, दादा? तो झटक्यात गार करून थांबेल, दमटपणा तसाच राहील. मावशींचे गुडघे धरतील. दीड टन, खलास."

एसी बसवल्यावर त्यानेच आईचा पलंग झोताबाहेर सरकवला. आई तिथे तीन महिने शांत झोपली.

आता परत गेल्यावर ती रत्नागिरीच्या घरी एसी घेतेय. काल फोनवर म्हणाली, "सुट्टीला येताना त्याला घेऊन ये. इथे भिंतीला कोणी हातच लावत नाही."