वहिनीचं बिनमिठाचं चायनीज

किडन्या दादाच्या गेल्या होत्या. मेली वहिनी.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, आचऱ्याला असतो. सुलक्षणा वहिनी त्याची बायको. दोघांना मूल नाही. मी नणंद, लग्न होऊन कुडाळात.

दादा टेम्पो चालवायचा आणि चायनीजवर जगायचा. घरात बांगड्याचं तिखलं शिजलेलं असलं तरी साहेब तिठ्यावरच्या गाडीवरून नूडल्सची पिशवी घेऊन हजर.

मग डायलिसिस सुरू झालं.

डॉक्टरांनी प्यायचं पाणी मापून दिलं. मीठ बंद. सॉस बंद. गाडीवरच्या खाण्याचं तर नावच काढायचं नाही.

दादाने जेवणच सोडलं. ताट समोर आलं की भिंतीकडे तोंड.
"ह्या काय जेवाण? ह्यापेक्षा मेल्लेलो बरो."

शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला, इतका वाळला. आम्हाला वाटलं, हा आजाराने नाही, उपासाने जाणार.

वहिनी रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने यूट्यूब उघडलं आणि त्यातलं मीठ, सोया सॉस, अजिनोमोटो सगळं गाळून चायनीज करायला घेतलं.

कोबी, गाजर बारीक चिरून गरम पाण्यात ठेवायची आणि ते पाणी माडाच्या मुळात ओतायची. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, पोटॅशियम उतरतं म्हणे.

चवीला लसूण, मिरी, थोडं व्हिनेगर. आणि तिरफळं! बांगड्याच्या तिखल्यातली तिरफळं या बाईने ठेचून नूडल्समध्ये घातली. जीभ अशी झिणझिणते की मीठ नाही हे जरा वेळ विसरायला होतं.

गाडीवरचा तो जळका वास गॅसवर येईना. मग मागच्या पडवीत चूल, वर लोखंडी कढई, खाली माडाची सुकी चुडतं, म्हणजे झावळ्या. चुडताचा जाळ म्हणजे नुसता भडका. एकदा तिची भुवई जळली. आठवडाभर काजळाने रंगवून फिरत होती.

पहिल्या दिवशी दादा वासानेच उठून आला.
"तिठ्यावरना हाडलंस?"
"आधी जेवा, मगे इचारा."

जेवला. ताट पुसून जेवला.

तेव्हापासून त्या घरात एकच कढई. ती स्वतः तेच खायची. पाहुण्यांनाही तेच, आणि वर मीठ मागायचं नाही.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, आमका तरी चिमूटभर दी गो. बैलाक घातल्यासारख्या लागता."
"मगे बैलासारख्या गप खा," म्हणाली.

गेल्या वर्षी भाताची लावणी चालू होती. आरोग्य केंद्राच्या आशाताई लेप्टोच्या, म्हणजे शेतातल्या चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधक गोळ्या देऊन गेल्या. वहिनीने त्या दादाच्या औषधांच्या डब्यावर ठेवल्या, आणि त्या तिथेच राहिल्या.

मग ताप आला. आमच्याकडे लावणीत ताप कुणाला येत नाही? अंग मोडतं, पोटऱ्या भरून येतात, माणसं एक गोळी घेतात आणि परत चिखलात उतरतात. तिनेही तेच केलं. ताप अंगावर काढला. दादाची कढई मात्र चुकली नाही.

डोळे लालभडक झाले तेव्हा दवाखान्यात नेलं. लेप्टोच निघाला. लघवी बंद झाली होती.

ज्या मशीनशेजारी ती स्टुलावर बसून नवऱ्याचे पाय चेपायची, तसल्याच मशीनवर तिला घेतलं.

शुद्धीत होती तोवर मला एकच विचारलं.
"ह्येंच्या भाजयेतला पाणी काढलंस मां?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिची ओटी भरताना बायका म्हणत होत्या, "नशीबवान हां. अहेव गेली."

चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने. मला त्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. अजून वाटतात. इथे कॉमेंटमध्ये कुणी तसलं लिहू नका, सरळ ब्लॉक करेन.

दादाने परत भिंतीकडे तोंड केलं. डायलिसिसला जायलाही तयार होईना, ओढून न्यावं लागायचं.
"कोणासाठी जावचा?"

बारावं झालं आणि भर दुपारी त्याने स्कूटर काढली. आला तो तिठ्यावरची पिशवी घेऊन. नूडल्स, चिली चिकन, लाल सॉस बाहेर ओघळत होता.

तो काय करायला निघाला होता ते मला कळलं.

"दादा, नको."
"गप रव. आता माका नको म्हणाक कोण आसा?"

ताटात सगळं ओतलं. मोठा घास घेतला.

चावला. थांबला. उठून मोरीत थुंकला, चूळ भरली. येऊन दुसरा घास घेतला. तोही थुंकला.

मग माझ्याकडे बघितलं. इतकं गोंधळलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"खारट लागता गो. गळ्याखाली जायना."

आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा रडला. कढ येऊन येऊन रडला.

इतक्या वर्षांत वहिनीने त्याची जीभच बदलून टाकली होती. त्या दुपारी तो वाचला तो तिच्यामुळे. दुसरं काही कारण नाही.

संध्याकाळी त्याने भात मागितला. डायलिसिसची पाळी आली तेव्हा शर्ट घालून गाडीत बसला.

आता भाजी तोच चिरतो, चुडतं तोच पेटवतो. डायलिसिसच्या हातावर वजन घ्यायचं नसतं, म्हणून कढई शेजारच्या काकू उतरवून देतात. चव तिच्यासारखी येत नाही. जेवतो मात्र.

आज वर्षश्राद्धाचं पान मी वाढलं. भात, वरण, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. घरच्या सवयीने सगळं अळणी.

दादाने पान बघितलं.

"मीठ वाढ."
"दादा, आपल्याकडे..."
"आपल्याक नको. तिच्या पानात वाढ. माझ्यापायी सोडल्यान तिणा."

घरात मीठ नव्हतंच. शेजारून वाटीभर आणलं. त्याने स्वतःच्या हाताने वाढलं, चिमूटभर नाही, मूठभर.

वहिनी, तुला आम्हा दोघांचा नमस्कार.
आज पोटभर जेव गो.