बाहेर तोंड केलेल्या चपला

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, अजूनही नाही. मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी बघणं हे माझं काम... मागच्या शॉटमध्ये कप जिथे होता, पुढच्यातही तिथेच हवा. त्यामुळे कुठली वस्तू कशी ठेवली होती, हे मी विसरत नाही.

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या अलीकडे एक बंगला आहे. रंगाचा कारखाना काढलेल्या एका शेठने बांधलेला. त्याच्या पश्चात तिथे प्रसूतिगृह झालं, ते बंद पडल्यावर बंगला शूटिंगला मिळू लागला. तिथे माझी वाट लागली. शॉटमध्ये दारातल्या चपला आत तोंड करून, आणि लंच ब्रेकनंतर सगळ्या बाहेर तोंड करून. डिरेक्टरच्या शिव्या मी खाल्ल्या आणि राग सेटवर सामान हलवणाऱ्या स्पॉटदादांवर काढला. आम्ही हात लावला नाही, अशा ते बिचारे शपथा घेत राहिले.

आता तिथे पॅरालिसिसच्या पेशंटांचं सेंटर आहे. गेल्या वर्षी आईला तिथेच ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, फार आशा ठेवू नका. आई मात्र जड जिभेने रोज विचारायची, "घराक कधी जावचा गो?"

तिच्या चपला मी हट्टाने नेल्या होत्या. व्हरांड्यात त्या आत तोंड करून पडलेल्या असत. एकदा मीच त्या दाराकडे वळवल्या. शालनमावशींनी पाहिलं. प्रसूतिगृहात त्या आया होत्या, आता सेंटरमध्ये आहेत.

"हात नको लावूस गं," त्या म्हणाल्या. "शेठच्या घरची रीत होती. पाहुणा आत गेला की गडी त्याच्या चपला दाराकडे वळवून ठेवायचा, निघताना सोयीचं पडावं म्हणून. गडी गेला, रीत राहिली. बाळंतिणींच्या पण वळायच्या. ज्यांच्या वळल्या, त्या घरी गेल्या."

"आणि ज्यांच्या नाही वळल्या?"

मावशी चादरीची घडी घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आईच्या चपला परत आत वळलेल्या. मग मी त्यांना हात लावला नाही... पण येता-जाता बघायचे. आणि एका दुपारी डबा घेऊन गेले, तर त्या दाराकडे वळलेल्या. मी तिथेच पायरीवर बसून रडले. काही दिवसांनी आई वॉकर धरून उभी राहिली, पुढे घरी आली.

फिजिओथेरपी लागू पडली, असं डॉक्टर म्हणतात. मला ते पटतं. चपलांचं काय, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.

आता त्या चपला आमच्या बोरीवलीच्या दाराबाहेर असतात. आई कालवणात मीठ कमी म्हणून मला बोलते. आता इथून तिला कुठे जायचं नाहीये, तरी रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की मी आधी खाली बघते.

अजून आत तोंड करून आहेत.