हलगीला ताव, मशीनला गारवा

मार्च १९९७. सकाळी मी टेप मशीनचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होते, तेवढ्यात धुराचा वास आला. स्टुडिओत धूर म्हणजे वायरिंग जळालं असंच आधी मनात येतं. धावत बाहेर आले. पायरीपाशी चार बायका उकिडव्या बसल्या होत्या. मधे जुने पेपर पेटवलेले. त्यांच्यातली पन्नाशीची बाई हलगी जाळावर धरून हळूहळू फिरवत होती आणि बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होती.

"इथं जाळ करू नका," मी म्हणाले.

"मग कुठं करू? आत?" तिने मान वर न करता विचारलं.

ही गयाक्का. राजेश्वर गावची. तिच्या गाण्याच्या पार्टीची चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी त्या दिवशी टेप करायची होती.

मी तेव्हा बीदरमधल्या एका छोट्या कॅसेट कंपनीत रेकॉर्डिस्ट होते. मालक शिवराजअण्णा. माइक लावायचे, आवाजाची लेव्हल बघायची, टेक नीट आला की पुढे जायचं, हे माझं काम. आमच्याकडे मशीन जुनं होतं. गायक आणि वाद्यं सगळी एकदम टेप व्हायची. नंतर एक आवाज काढून दुसरा घालायची सोय नव्हती. जे वाजलं ते वाजलं.

हलगी म्हणजे गोल कड्यावर ताणलेलं कातडं. छातीशी धरून दोन काड्यांनी वाजवतात, एक जाड, एक बारीक. गावात लग्न असो, मयत असो, दवंडी असो, बोलावणं आलं की वाजवायला जायचं, हे आमच्या समाजाच्या गळ्यात घातलेलं काम होतं. बौद्ध झाल्यावर पुष्कळांनी हलगी सोडली. माझ्या आजोबांनी त्यांची विहिरीत टाकली. त्यामुळे या धंद्यात असूनही मी हलगी कधी जवळून पाहिली नव्हती. बाईच्या हातात तर नाहीच.

"तुमच्या गावात चालतं हे?" मी विचारलं.

"एका सालाला बाप्ये समदे हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेलते. जयंतीला गावात राहिलो आम्ही बाया आन म्हातारे. मिरवणूक काय मुकी काढायची? घेतली गळ्यात."

"म्हातारे काही म्हणाले नाहीत?"

"म्हणले की. ही गुलामीची निशाणी हाय, कामून शिवलीस? म्या म्हणलं, तवा गाववाल्यांनी बोलवलं की तुमी जायचे. आता म्या वाजवते आन ते बघाया येतेत. फरक हाय का न्हाई?"

बाकीच्या तिघी हसल्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली शांताबाई म्हणाली, "ताई, हिच्या नादी लागू नका. हिनं सासऱ्याला बी गप केलंय."

आता त्या चौघीही हैदराबादला बांधकामावर होत्या. होळीला गावी आल्या होत्या. संध्याकाळी मुकादमाचा टेंपो बीदरवरून त्यांना घेऊन जाणार होता. कॅसेट जयंतीच्या आधी बाजारात यायला हवी होती. म्हणजे आज झालं तर झालं.

आत घेतलं. उन्हाळा लागला होता, चौघी घामाघूम. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून मी कूलर लावला. पाण्याचा कूलर, वाळ्याचे पडदे. टेक सुरू करताना तो बंद करायचा, एरवी चालू, ही आमची रोजची पद्धत. मशीनही गार राहायचं.

पहिलं कडवं सुरेख आलं. दुसऱ्या कडव्यात हलगी बसली. खणखणीत वाजणारी वस्तू ओलं पोतं बडवल्यासारखी वाजायला लागली. गयाक्काने स्वतःच हात थांबवला.

"तुमचं वारं वलं हाय," ती म्हणाली. "कातडं ढिलं पडायलंय. ताव द्यावा लागतोय."

ती बाहेर गेली, हलगी तापवून आली. पुन्हा टेक. पुन्हा दुसऱ्या कडव्यात तेच. खोलीतली हवाच दमट झाली होती. मी कूलर पूर्ण बंद केला. मग खोली भट्टीसारखी झाली आणि मशीनची मोटर तापून स्पीड ढळायला लागला. स्पीड ढळला की गाणाऱ्याचा आवाज रडका येतो. मशीनला गारवा हवा, हलगीला जाळ हवा, आणि खोली एकच. भिंतींना फोम आणि पोती लावलेली, त्यामुळे आत विस्तव न्यायचा प्रश्नच नव्हता.

दुपारी शिवराजअण्णा आले. सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, एवढं कशाला? ऑक्टोपॅड आहे की आपल्याकडे. त्यात हलगीचा आवाज भरलेला आहे. मी वाजवतो. ह्या गातील."

ऑक्टोपॅड म्हणजे रबरी चौकोनांचं विजेवर चालणारं वाद्य. एकेका चौकोनावर मारलं की एकेक आवाज. अण्णांनी ते नुकतंच हैदराबादहून आणलं होतं आणि कव्हर काढायला निमित्त शोधत होते. त्यांनी दोन ठोके वाजवून दाखवले. आवाज हलगीचाच होता, ते खोटं नव्हतं.

गयाक्काने एका चौकोनावर काडी टेकवली. "ह्याला ताव लागत न्हाई?"

"कधीच नाही, अक्का."

"मग ह्याला राग बी येत नसंल."

अण्णा मनापासून हसले. पण घड्याळाकडेही बघितलं. "अक्का, तुमचं नाव घालतो कॅसेटच्या कव्हरवर. फोटोही. फक्त आवाज याचा."

गयाक्काने चौकोनावरची काडी उचलून घेतली. मग म्हणाली, "फोटूत हलगी माझी आन कानात ह्याची? मग गाणी तुमच्याच बायकूकडून म्हणून घ्या. आमी जाताव टेंपोवर."

ती खरंच उठली. शांताबाईने टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे. कॅसेटवर आपला आवाज यावा ही तिचीही इच्छा होती, पण तीही उठली.

मी अण्णांना म्हटलं, "मशीन आत ठेवते, कूलर लावून. माणसं बाहेर काढते."

"बाहेर? रस्ता आहे मॅडम. बसेस आहेत. वरून एअरफोर्सची विमानं."

"मागच्या अंगणात बसेस ऐकू येत नाहीत."

"आणि विमान?"

मी वायरीचं भेंडोळं उचललं. खिडकीतून वायरी सोडल्या, माइक अंगणात उभे केले. जाळ पेटवला, माइकपासून चार हातांवर. गयाक्काने हलगी तापवली, टिचकी मारली. तो आवाज हेडफोनमधून माझ्या कानात आला आणि मी खुर्चीत सरळ बसले.

गाणी एकामागून एक होत गेली. प्रत्येक गाण्यानंतर ताव, मग पुढचं. शेवटचं गाणं गयाक्काने स्वतः बांधलेलं होतं, गावातल्या त्या पहिल्या मिरवणुकीवर. तिसऱ्या कडव्याला विमान आलं.

शिकाऊ वैमानिकाचं विमान, खालून उडणारं. माझा हात मशीन थांबवायला गेला. खिडकीतून बघते तर गाणाऱ्या तिघी आपोआप थांबल्या होत्या आणि गयाक्का थांबली नव्हती. तिने जाड काडी सोडून दिली, बारीक काडीने कडेवर बारीक, सलग वाजवायला सुरुवात केली. विमानाची घरघर वाढली तशी तीही वाढली. विमान डोक्यावर आलं तेव्हा तिने खाली वाकून जाड काडी उचलली आणि असे ठोके टाकले की लेव्हलचा काटा लाल पट्टीत जाऊन टेकला. लाल पट्टी म्हणजे आवाज फाटायची भीती. अशा वेळी लेव्हल कमी करायची असते. मला ते सुचलंच नाही. मी इतकी वर्षं लोकांचे आवाज मोजत आले होते, आणि त्या क्षणी मी फक्त ऐकत होते. विमान लांब गेलं, तसा तिने हात हलका केला, आणि आवाज विरता विरता शांताबाईकडे नुसतं बघितलं. तिघींनी तीच ओळ, त्याच पट्टीत उचलली.

गाणं संपल्यावर गयाक्काने विचारलं, "आलं का?"

"आलं," मी म्हणाले.

टेंपो आला. त्या गेल्या. अण्णांनी टेप ऐकला, दोनदा. "ते विमान कापा," ते म्हणाले. "बाकी एक नंबर."

टेप कापता येतो. ब्लेडने तिरका छेद द्यायचा, नको तो तुकडा काढायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. पण विमान काढायचं तर त्याबरोबरची हलगीही जाणार होती. दोन्ही टेपच्या एकाच पट्टीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले. टेप लावला, विमान सुरू होतं तिथे पेन्सिलने खूण केली, संपतं तिथे दुसरी. ब्लेड हातात घेतलं. मग हेडफोन लावून दोन खुणांमधलं पुन्हा एकदा ऐकलं. आमच्या कामात नको असलेला आवाज कोणता, हे रेकॉर्डिस्टनेच ठरवायचं असतं. मी पेन्सिलच्या दोन्ही खुणा स्पिरिटने पुसल्या, टेप डब्यात घातला आणि अण्णा यायच्या आत कॉपी काढायला हैदराबादच्या बसने पाठवून दिला.